दारूगोळ्याची राखण

शूराची कीर्ति गावी, हा सर्व भाषांतील वाङ्मयाचा जुना नियम आहे. रणांगणावर ज्यानें शस्त्र चालविलें त्याचें नांव पोवाड्यांत येतें, शिळेवर कोरलें जातें आणि शाळेंतील मुलांच्या तोंडीं बसतें. परंतु तें शस्त्र चालविण्याच्या आधीं वर्षानुवर्षें ज्यानें तें कोरडें, थंड व निर्धोक ठेविलें, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं नेतांना ज्यानें वाटेंतील कोणाचा केसहि वांकडा होऊं दिला नाहीं, त्याचें नांव कोणी घेत नाहीं. ह्यांत लोकांचा तरी काय दोष? त्याच्या यशाची खूण एवढीच कीं, कांहींच घडत नाहीं. आणि जें घडलें नाहीं त्याचा पोवाडा कोण रचणार? ह्या न घडणाऱ्या गोष्टीविषयीं, आणि ती राखण ढळली म्हणजे काय घडतें त्याविषयीं, चार शब्द लिहावे असें आमच्या मनांत बरेच दिवस होतें. ह्या वार्षिकाच्या निमित्तानें तो योग आला आहे.

आम्ही ज्या वर्गास नागरिकशास्त्र शिकवितों तेथें एकदां प्रजासत्ताकदिनाच्या संचलनाची गोष्ट निघाली. लांबलचक गाड्यांवर चढवून नेलीं जाणारीं क्षेपणास्त्रें आणि खडखडत जाणारे रणगाडे मुलांनीं दूरचित्रवाणीवर पाहिले होते. एका मुलानें विचारलें, "सर, एरवीं हें सगळें ठेवतात कोठें?" दुसऱ्यानें तत्परतेनें उत्तर दिलें, "गुदामांत." त्यावर मागच्या बांकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "मग त्या गुदामाच्या शेजारीं कोण राहतें?" वर्ग हंसला. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. पहिल्या प्रश्नाचें उत्तर पुस्तकांत मिळतें. ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मुंबई शहरास एकदां फार मोठी किंमत देऊन शिकावें लागलें आहे. ती हकीकत आमच्या विद्यार्थ्यांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असते, म्हणून ती प्रथम सांगतों.

दुसरें महायुद्ध ऐन भरांत होतें. 'फोर्ट स्टिकीन' नांवाचें सुमारें सात हजार टनांचें एक मालवाहू जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजीं इंग्लंडांतील बर्कनहेड बंदराहून हिंदुस्थानाकडे निघालें. त्याच्या पोटांत सुमारें १,४०० टन दारूगोळा होता: तोफांचे गोळे, पाणसुरुंग, टॉर्पेडो. त्यापैकीं २३८ टन स्फोटकें तर अत्यंत नाजूक वर्गांतील होतीं. शिवाय पेट्यांत बांधलेलीं लढाऊ विमानें होतीं आणि सोन्याच्या विटाहि होत्या. कराचीस विमानें उतरलीं. मोकळ्या झालेल्या जागेंत मग जें हातीं आलें तें भरलें गेलें: कापसाच्या हजारों गासड्या, वंगणाचें तेल, लांकूड, गंधक, राळ, भंगार लोखंड, आणि मासळीचें खत. ह्या यादींतील एकेक पदार्थ निरुपद्रवी आहे. कापूस कोणाचा शत्रु नव्हे. परंतु दोन क्रमांकाच्या खणांत खालीं कापूस आणि त्याच्याच डोक्यावर वरच्या मजल्यांत नाजूक स्फोटकें, अशी ती मांडणी झाली. कप्तानास ही मिसळ पसंत नव्हती, व त्यानें तशी तक्रारहि केली होती. पण लढाईची निकड होती, जहाजें थोडीं होतीं, आणि निकडीपुढें नियमानें मान लववावी असा त्या काळचा प्रघात पडला होता.

१२ एप्रिलला जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत लागलें. शांततेच्या काळांत स्फोटकें वाहणाऱ्या जहाजावर तांबडा बावटा फडकतो; तो पाहून इतर लोक दूर राहतात, विडी विझवितात, व अधिकारी सावध होतात. युद्धांत शत्रूस सुगावा लागूं नये म्हणून हा बावटा लावण्याचें सोडून देण्यांत आलें होतें. स्फोटकें धक्क्यावर न उतरवितां जहाजाच्या कडेला लागलेल्या पडावांत उतरवावयाचीं असत; ते पडाव वेळेवर आले नाहींत. म्हणून इतर माल आधीं काढण्यास आरंभ झाला, आणि भर वस्तीला लागून असलेल्या गोदींत ती भरलेली नौका उभी राहिली.

१४ एप्रिल, शुक्रवार. शेजारच्या जहाजांवरील कांहीं जणांस दुपारीं जेवणाच्या सुटींतच 'फोर्ट स्टिकीन'मधून धुराची बारीक रेघ निघतांना दिसली होती. ज्यांचें जहाज ते पाहतील, असें म्हणून त्यांनीं ती गोष्ट सोडून दिली. दोन वाजण्याच्या सुमारास जहाजावरील लोकांसच ती आग कळली. बंब आले, खणांत शेंकडों टन पाणी ओतलें गेलें. पण कापसाची गासडी वरून विझली तरी आंतून धुमसतच राहते. आणि सांठलेल्या पाण्यावर त्या जळत्या गासड्या तरंगून वर, म्हणजे स्फोटकांच्याच दिशेनें, चढूं लागल्या. इकडे धक्क्यावर विचारविनिमय चालला होता. जहाज बुडवावें, तर त्या गोदींत तेवढें खोल पाणी नव्हतें. ओढून समुद्रांत न्यावें, तर तशी आज्ञा कोणी द्यावी? कप्तान, गोदीचे अधिकारी, बंबांचे प्रमुख, लष्कराचे तज्ज्ञ असे सर्व तेथें होते. परंतु सर्वांवर ज्याचा शब्द चालावा असा एकहि मनुष्य नव्हता. अखेरीस जहाज सोडण्याचा हुकूम झाला. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला, व सुमारें अर्ध्या तासानें दुसरा, पहिल्याहून भयंकर.

त्यानंतरचें वर्णन आम्ही लांबवीत नाहीं. 'जलपद्म' नांवाच्या सुमारें चार हजार टनांच्या जहाजाची मागची बाजू लाटेनें उचलून धक्क्यावरील गुदामावर नेऊन ठेविली. स्फोटाचा हादरा दूर सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रानें टिपून घेतला. जळता कापूस आकाशांतून वखारींवर पडला आणि मांडवीच्या बाजूस ठिकठिकाणीं आगी पेटल्या. सोन्याची एक वीट गोदीपासून दूर एका पारशी गृहस्थांच्या घरांत येऊन पडली, व त्यांनीं ती सरकारच्या हवालीं केली. तीन दिवस आग धुमसत होती. मृतांची संख्या निरनिराळ्या गणनांप्रमाणें आठशेंपासून तेराशेंपर्यंत सांगतात. त्यांत आग विझवितांना पडलेले ६६ अग्निशामक होते, आणि जहाजाचा कप्तानहि होता. पुढें आठ हजार माणसें सात महिने खपलीं तेव्हां गोदींतील सुमारें पांच लाख टन राडारोडा निघून ती पुनः चालूं झाली. सोन्याच्या विटा तर १९७० नंतरहि गोदींतील गाळ उपसतांना सांपडत असत.

आमच्या आजी त्या वेळीं माझगांवांतील एका चाळींत राहत असत. फळीवरचीं भांडीं एकदम खालीं आलीं, जपान्यांनीं बॉम्ब टाकला असें वाटून सगळी चाळ जिन्यावर लोटली, आणि रात्रभर पूर्वेकडचें आकाश तांबडें दिसत होतें, एवढें त्या सांगत. वर्तमानपत्रांवर निर्बंध असल्यामुळें खरी बातमी कित्येक दिवस छापून आली नाहीं. त्या दिवसापासून आजींनीं घरांत एक नियम केला, तो शेवटपर्यंत मोडला नाहीं: घासलेटाचा डबा आणि शेगडी ह्यांच्यामध्यें एक भिंत हवीच. घर दोन खोल्यांचें, भिंत एकच. पण डबा त्या भिंतीच्या पलीकडे राहिला. आम्ही मोठे होऊन शस्त्रसांठ्यांविषयीं जेव्हां कांहीं वाचूं लागलों, तेव्हां आम्हांस आश्चर्य वाटलें. जगांतील सैन्यें ज्या शास्त्रावर चालतात त्याचें पहिलें सूत्र आजींच्या त्या नियमांत होतें.

तें सूत्र असें कीं, जीं द्रव्यें एकमेकांस भडकवितात त्यांनीं एके ठिकाणीं राहूं नये. आज संयुक्त राष्ट्रांच्या नियमांप्रमाणें सर्व स्फोटक वस्तूंचा पहिला वर्ग मानिला जातो. एखाद्या वस्तूचा ढीग पेटल्यास तो सगळा एकदम उडेल, कीं तुकडे फेकील, कीं नुसता जळत राहील, ह्यावरून त्या वर्गाचे सहा पोटविभाग पाडलेले आहेत. शिवाय कोणाचा शेजार कोणास चालतो हें दाखविणारे वेगळे गट आहेत. ठिणगी देणारी टोपी आणि तिनें पेटणारा गोळा हीं दोन्ही अखेर रणांगणावर एकत्र यावयाचींच असतात. पण कोठारांत व प्रवासांत तीं एकमेकांपासून दूर ठेवावीं लागतात. आमच्या विद्यार्थ्यांनीं हें नवल मानूं नये. आपल्या प्रयोगशाळेंत पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे स्फटिक एका कपाटांत आणि ग्लिसरीनची बाटली दुसऱ्या कपाटांत असते, तें उगीच नव्हे. दोन्ही निरुपद्रवी, दोन्ही औषधी. पण त्यांची गांठ पडली तर थोड्याच वेळांत ज्वाला उठते.

दुसरें सूत्र अंतराचें. कोठाराजवळ किती अंतरापर्यंत घर नसावें, हें कोणाच्या मर्जीवर सोडलेलें नाहीं. त्याचें गणित आहे. सुरक्षित अंतर हें स्फोटकांच्या वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणांत वाढतें. म्हणजे वजन आठपट झालें कीं अंतर दुप्पट हवें, सत्तावीसपट झालें कीं तिप्पट. बीजगणितांत घनमूळ शिकतांना ज्यांस कंटाळा येतो त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, कोठें तरी एका खेड्याची वेस त्याच घनमुळानें आंखलेली आहे. ह्याच कारणानें मोठ्या आगारांत सगळा माल एका छपराखालीं रचीत नाहींत; तो लहान लहान कोठारांत विभागतात, कोठारांच्या अंगावर माती चढवितात, मध्यें मातीचे उंच बांध घालतात. एक कोठार गेलें तरी शेजारचें वांचावें, हा हेतु. भोंवतींचें गवत उन्हाळ्यापूर्वीं कापून काढतात, विजेचा निचरा करणारे दांडे उभारतात, आणि ठिणगी न पडणाऱ्या धातूंचीं हत्यारें वापरतात. ह्यांतील एकहि काम पराक्रमाचें नाहीं. सगळीं कामें घरकामासारखीं रोजचीं, न संपणारीं आणि न दिसणारीं आहेत.

तिसरें सूत्र वयाचें. लांकूड जुनें झालें कीं मुरतें. स्फोटक द्रव्य जुनें झालें कीं पुष्कळदां बिघडतें. बंदुकीची नवी धूरहीन दारू निघाली तेव्हां ती कशी जुनी होते हें लोकांस पुरतें उमगलें नव्हतें. फ्रान्समधील तूलाँ बंदरांत 'इएना' ही युद्धनौका १९०७ सालीं व 'लिबेर्ते' ही १९११ सालीं, बंदरांत असतांनाच, आपल्याच दारूच्या स्फोटानें नष्ट झाली. शत्रु जवळपास कोठेंहि नव्हता. अशी दारू आंतल्या आंत कुजते, कुजतांना उष्णता निघते, आणि उष्णतेनें कुजणें आणखी वाढतें. म्हणून तींत स्थिरता राखणारें द्रव्य मिसळतात, आणि तें किती शिल्लक आहे ह्याची वेळोवेळीं परीक्षा करतात. प्रत्येक पेटीवर ती केव्हां व कोणत्या घाण्यांत तयार झाली ह्याची खूण असते. ती खूण पुसली गेली, किंवा वहींत नोंदच झाली नाहीं, तर ती पेटी म्हणजे वय न सांगणारा शत्रु होय.

ह्या तिसऱ्या सूत्राची आठवण आपल्या महाराष्ट्रास अगदीं अलीकडे झाली आहे. वर्धा जिल्ह्यांत पुलगांव येथें आपल्या सैन्याचें दारूगोळ्याचें फार मोठें आगार आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे तेथील एका कोठारास आग लागून स्फोट झाला. ती विझविण्यास धांवलेले दोन अधिकारी आणि आगाराच्या अग्निशामक दलांतील कित्येक माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्या कोठारांत रणगाड्यांविरुद्ध वापरावयाचे सुरुंग होते, आणि सदोष सुरुंगांतून स्फोटक द्रव्य पाझरत होतें, असें पुढें प्रसिद्ध झालें. रात्रीं आसपासच्या खेड्यांतील लोकांस घरें सोडून निघावें लागलें. परंतु एक कोठार गेलें तरी सगळें आगार गेलें नाहीं. मुंबईंत ज्याचा अभाव होता तें मोकळें अंतर आणि तीं विभागलेलीं कोठारें तेथें होतीं. जे धांवले त्यांच्या धैर्यास आम्ही वंदन करतों. पण त्यांस धांवण्याचा प्रसंगच न येतां, तर तें अधिक चांगलें झालें असतें, हेंहि म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

आतां क्षेपणास्त्रांकडे वळूं. संचलनांत लांब नळकांड्यांत बंद करून जीं नेतात त्यांच्या त्या नळकांड्या नुसत्या शोभेच्या नसतात. घन इंधनावर चालणाऱ्या अस्त्राच्या पोटांत रबरासारखा एक चिवट गोळा भरलेला असतो. ऊन व गारठा ह्यांच्या आलटून पालटून येण्यानें किंवा वाटेंतील धक्क्यानें त्यास बारीकशी चीर पडली, तर पेटल्यावर ज्वाला त्या चिरेंत शिरते, एकदम अधिक इंधन जळतें, दाब वाढतो, आणि अस्त्र उडण्याऐवजीं जागच्या जागीं फुटतें. म्हणून तें हवाबंद ठेवतात, आंतील ओलावा मोजतात, उचलतांना व उतरवितांना जपतात. आणि ह्या सर्वांहून नाजूक वस्तु म्हणजे माणसाची शिस्त. ९ मार्च २०२२ रोजीं देखभालीचें काम चालूं असतां आपल्या देशाचें एक क्षेपणास्त्र चुकून सुटून पाकिस्तानांत जाऊन पडलें. सुदैवानें प्राणहानि झाली नाहीं. आपल्या सरकारनें खेद प्रकट केला, चौकशी झाली, आणि ठरलेली कार्यपद्धति सोडल्याबद्दल हवाईदलाच्या तीन अधिकाऱ्यांस सेवेंतून दूर करण्यांत आलें. अण्वस्त्रें बाळगणाऱ्या दोन शेजाऱ्यांमध्यें हें घडलें, हें ध्यानांत आणलें म्हणजे एका लहानशा हयगयीची किंमत किती मोठी होऊं शकली असती ह्याची कल्पना येते.

रणगाडे व लष्करी गाड्या ह्यांची गोष्ट त्या मानानें सोपी, पण क्षुल्लक नव्हे. शेचाळीस-शेचाळीस टनांचा रणगाडा आगगाडीच्या डब्यावर किंवा जहाजांत नेतांना त्यांतील गोळे वेगळे काढतात, तोफेचें तोंड पक्कें बांधतात, आणि साखळदंड व ओंडके लावून तो जागचा हलणार नाहीं असा जखडतात. भर समुद्रांत असें एक धूड सुटलें आणि डोलत्या जहाजाच्या एका कुशीस गेलें, तर शत्रूच्या तोफेची जरूर राहत नाहीं. बरें, तो नुसता उभा ठेवला तरी चालत नाहीं. उभी गाडी झिजते, अशी म्हण कोणी केली नाहीं, पण करावयास हवी होती. रबर कडक होतें, विजेची पेटी मरते, तेल खालीं बसतें, दमट हवेंत गंज चढतो. पुण्याजवळ खडकीस रणगाड्यांचें मोठें आगार आहे. अशा ठिकाणीं जीं माणसें काम करतात त्यांचा शत्रु सीमेपलीकडे नसतो. तो हवेंतला ओलावा असतो.

ह्या सर्व विवेचनांत एक गोष्ट विसरतां कामा नये, ती म्हणजे ओझें उचलणारे हात. १७ जुलै १९४४ रोजीं, मुंबईच्या स्फोटानंतर अवघ्या तीन महिन्यांनीं, अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील पोर्ट शिकागो येथें दारूगोळा भरतांना जहाजें उडालीं आणि ३२० माणसें मेलीं. त्यांतील बहुतेक कृष्णवर्णीय खलाशी होते. त्यांस ह्या कामाचें नीट शिक्षण दिलेलें नव्हतें. उलट कोणती तुकडी अधिक वेगानें भरते ह्यावर अधिकारी पैजा लावीत. स्फोटानंतर पुनः तेंच काम करण्यास ज्यांनीं नकार दिला त्यांपैकीं पन्नास जणांस बंडखोर ठरवून शिक्षा झाल्या. तो डाग धुऊन निघण्यास २०२४ साल उजाडावें लागलें; त्या वर्षीं अमेरिकेच्या नौदलानें त्यांस निर्दोष ठरविलें. ज्यास धोका काय आहे हें सांगितलें नाहीं त्याच्या हातीं धोका देणें, आणि तो भ्याला तर त्यासच अपराधी म्हणणें, ह्याहून मोठा अन्याय आम्हांस दिसत नाहीं. मुंबईच्या गोदींतील पाठीवर ओझीं वाहणाऱ्या माणसांसहि त्या जहाजाच्या पोटांत काय आहे हें सांगणारा तांबडा बावटा नव्हता. कॅनडांतील हॅलिफॅक्स बंदरांत ६ डिसेंबर १९१७ रोजीं 'माँ ब्लाँ' नांवाचें दारूगोळ्याचें जहाज पेटून उडालें, तेव्हां त्यावरहि बावटा नव्हता. आग पाहण्यास लोक खिडक्यांशीं गोळा झाले, आणि कांचांच्या तुकड्यांनीं कित्येकांचे डोळे गेले. सुमारें दोन हजार माणसें तेथें दगावलीं. दोन खंड, दोन युद्धें, आणि मध्यें सव्वीस वर्षें. बावटा मात्र दोन्हीकडे गुंडाळलेलाच.

कोणी म्हणेल, हे सर्व युद्धकाळचे अपवाद आहेत. तसें नाहीं. सायप्रस बेटावर २००९ सालीं एका जहाजांतून जप्त केलेले दारूगोळ्याचे ९८ मोठे पेटारे एका नाविक तळावर उघड्यावर रचून ठेविले गेले. ते कोठें न्यावे, कोणास द्यावे, ह्याचा निर्णय होत नव्हता. त्यांनीं दोन उन्हाळे सोसले. तिसऱ्या उन्हाळ्यांत, ११ जुलै २०११ रोजीं, ते उडाले. नौदलप्रमुखांसह तेरा माणसें मेलीं, आणि शेजारचें वीजकेंद्र मोडून पडल्यामुळें बेटावर विजेचा तुटवडा पडला. तेथें युद्ध नव्हतें, घाई नव्हती. उलट, दिरंगाई होती. मुंबईस निकडीनें मारलें, सायप्रसास चालढकलीनें, परंतु दोहोंच्या मुळाशीं एकच वाक्य आहे: "हें माझें काम नव्हे."

आतां त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊं: शेजारीं कोण राहतें? उत्तर असें कीं, आपणच राहतों. कोठार बांधलें तेव्हां भोंवतीं माळ असतो. मग रस्ता येतो, दुकान येतें, लेंकरांसाठीं एक खोली वाढते. दारूगोळ्याच्या आगारांभोंवतीं बांधकामास बंदी करणारा कायदा १९०३ सालचा आहे. परंतु कायद्याची रेघ जमिनीवर दिसत नाहीं. मुंबईसमोर उरणजवळ करंजा येथें नौदलाचें शस्त्रागार आहे. तेथील सुरक्षापट्ट्यांत शेंकडों कुटुंबांचीं घरें व जमिनी येतात, आणि त्यांचा प्रश्न वर्षानुवर्षें लोंबकळत राहिला आहे. तेथील लोक म्हणतात, आमचीं घरें पाडूं नका, जमिनीचा मोबदला द्या. सरकार म्हणतें, अंतर हवें. दोन्ही बाजूंचें म्हणणें आम्हांस समजतें. पण घनमूळ कोणाची बाजू घेत नाहीं. ज्याची जमीन अंतरासाठीं अडली त्यास योग्य मोबदला वेळेवर मिळणें, हाहि दारूगोळ्याच्या राखणीचाच एक भाग आहे. कारण मोबदला न देतां आंखलेली रेघ कोणी पाळीत नाहीं, आणि न पाळलेल्या रेघेचा दंड पुढच्या पिढीस भरावा लागतो.

शस्त्रें असावीं कीं नसावीं, हा मोठा प्रश्न आहे. त्याचा निकाल आम्ही येथें करूं शकत नाहीं, आणि शाळेच्या वार्षिकांत तो होणारहि नाहीं. सर्व राष्ट्रांनीं तीं टाकून द्यावीं असें ज्यांस वाटतें त्यांच्या प्रार्थनेंत आमचाहि स्वर आहे. परंतु जोंवर तीं आहेत तोंवर तीं कोणाच्या तरी गांवाजवळ आहेत. जें राष्ट्र आपल्या रक्षणासाठीं शस्त्र बाळगतें त्यानें त्या शस्त्रापासून आपल्या लोकांचें रक्षण आधीं केलें पाहिजे. रक्षणासाठीं ठेवलेल्या शस्त्रानेंच आपलीं माणसें मारलीं, तर तें रक्षण कसलें?

पालकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, मुलें सैन्यांत जाऊं इच्छितात तेव्हां त्यांस केवळ विमान चालविणारा व तोफ डागणारा दाखवूं नये. वहीं घेऊन पेट्या मोजणारा, उष्णतामापक पाहणारा, "ही पेटी येथें ठेवतां येणार नाहीं" असें वरिष्ठासहि नम्रपणें पण ठामपणें सांगणारा मनुष्यहि दाखवावा. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस सांगणें आणखी थोडें आहे. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशामक सेवादिन म्हणून पाळला जातो. मुंबईच्या स्फोटांत पडलेल्या त्या ६६ जणांचें स्मारक भायखळ्यास अग्निशामक दलाच्या मुख्य ठाण्यांत आहे. तेथें कधीं गेलांत तर हात जोडा. पण तेवढ्यानें ऋण फिटत नाहीं. दुपारच्या सुटींत शेजारच्या जहाजांवरून ज्यांनीं धुराची रेघ पाहिली, ते वाईट लोक नव्हते. ते आपल्यासारखेच होते. दमलेले, भुकेलेले, आणि हें आपलें काम नव्हे असें समजणारे. त्यांतील एकानें जरी हांक मारली असती, तर आग विझविण्यास एक-दीड तास अधिक मिळाला असता. प्रयोगशाळेंत चुकीच्या कपाटांत बाटली दिसली, सहलींत चुलीजवळ गॅसची टाकी दिसली, जिन्याखालीं दिवाळीच्या फटाक्यांची पेटी दिसली, तर ती कोणाची आहे हें विचारीत बसूं नका. ज्यास दिसली, त्याची ती आहे. त्यानें हांक मारावी.